गेंड्याची माफी

माणूस एखाद्या करमणुकीच्या पार्कचा आजन्म भक्त कसा होतो, याविषयी लोकांच्या फार गोड समजुती आहेत. लोकांना वाटतं, लहानपणी कोणीतरी बोट धरून नेलेलं असतं, चक्रात बसवलेलं असतं, फुगा घेऊन दिलेला असतो आणि मग ते सगळं आत कुठेतरी मुरत जातं. होत असेल कोणाचं तसं. परीक्षा विभागाच्या अधीक्षकांचं तसं झालं नाही. ते पहिल्यांदा पार्कात गेले तेव्हा त्यांचं टक्कल पूर्ण झालं होतं, आणि गेले तेही साडूने तिकिटं आधीच काढून ठेवली होती म्हणून. आजही कोणी त्यांना ‘पार्कचे चाहते’ म्हटलं की ते उसळतात. आपण तिथे जायला लागलो ते एका माफीसाठी, आणि ती माफी अजून मिळालेली नाही, असं ते ठणकावून सांगतात. हे अक्षरशः खरं आहे.

अधीक्षकांचं काम चेहऱ्यांचं. परीक्षेला एकाच्या जागी दुसरा बसू नये म्हणून ओळखपत्रावरचा फोटो आणि समोरचं तोंड ताडून पाहायचं, हे त्यांनी उभं आयुष्य केलं. दाढी वाढवून आलेले, दाढी काढून आलेले, जुळे भाऊ, एकदा तर गालफुगीच्या बहाण्याने मफलर गुंडाळून आलेले काका, असे कितीतरी तोतये त्यांनी दारातून परत पाठवले होते. एकदा त्यांनी खुद्द कुलगुरूंना अडवलं होतं. कुलगुरूंनी हेल्मेट काढलं नव्हतं. थोडक्यात, तोंड न दाखवता वावरणाऱ्या कोणाहीबद्दल अधीक्षकांच्या मनात मुळातच अढी होती. अशा माणसाला साडूने नेऊन कुठे उभं केलं, तर मिरवणुकीच्या वाटेवर.

पुढे बँड, मागे चाकांवरचा किल्ला, आणि मधोमध दोन पायांवर चालणारा एक गेंडा. राखाडी मखमलीचं अंग, अंगात लाल जाकीट, टोपलीएवढं डोकं. पोरं ‘गेंडूमामा, गेंडूमामा’ म्हणून किंचाळत होती.

“हा मामा कोणाकडून?” असं अधीक्षकांनी बायकोला विचारलंही. बायको टाळ्या वाजवत होती.

ऊन कडक होतं. अधीक्षकांनी रुमाल नळाखाली भिजवून, चार कोपऱ्यांना चार गाठी मारून, डोक्यावर बसवला होता. टक्कल असलेल्या माणसाला उन्हात हे करावं लागतं आणि त्यात हसण्यासारखं काही नाही, असं त्यांचं तेव्हाही मत होतं. गेंडा नेमका त्यांच्यापाशी थांबला. त्याने मान डावीकडे कलती केली आणि एखाद्या परीक्षकाने चुकलेल्या उत्तराकडे पाहावं तसं त्या रुमालाकडे पाहिलं. मग दोन बोटांनी तो अलगद उचलला. त्याने आपलं शिंग पुसलं. एका बाजूने, दुसऱ्या बाजूने, मग टोक. रुमाल उन्हात धरून तपासला, समाधानाने मान डोलावली, तो परत अधीक्षकांच्या डोक्यावर ठेवला आणि दोनदा थोपटलं.

पब्लिक हसून हसून कोसळलं. बँडवाल्यांना वाजवता येईना. एवढी माणसं एकाच वेळी अधीक्षकांकडे बघताहेत असा प्रसंग त्याआधी एकदाच आला होता, पण तेव्हा ते व्यासपीठावर माइकच्या वायरीत अडकून पडले होते आणि लोकांनी निदान हळहळल्यासारखं तरी केलं होतं. साडूने तर सगळं मोबाइलवर टिपलं. कधी नव्हे तो साडूचा हात स्थिर होता. अधीक्षकांच्या मुलीच्या लग्नात याच माणसाने त्यांचे नुसते बूट टिपले होते.

“कशी गंमत झाली की नाही, साडूभाऊ!” साडू डोळे पुसत म्हणाला.

“तक्रार करायची जागा कुठे आहे?” अधीक्षकांनी विचारलं.

तक्रार करायच्या जागेवर ‘आनंद कक्ष’ अशी पाटी होती. तक्रारीच्या खिडकीला आनंद कक्ष म्हणणाऱ्या लोकांशी आपली गाठ आहे हे अधीक्षकांनी तिथेच ओळखून मागे फिरायला हवं होतं. खिडकीत पिवळ्या जाकिटातल्या एक बाई बसल्या होत्या.

“गेंड्याने माझा अपमान केला,” अधीक्षक म्हणाले.

“गेंडूमामांनी?” बाईंचा चेहरा पडला. “नाही हो. ते मुद्दाम नाही करणार असं.”

“रुमाल काढला माझा. डोक्यावरचा. शिंग पुसलं.”

“म्हणजे तुम्ही आवडलात त्यांना.”

“मला आवडायचं नाहीये! मला माफी हवी आहे. बोलवा त्या माणसाला.”

“कोणत्या माणसाला?”

“आत जो आहे त्याला.”

“कशाच्या आत?”

“गेंड्याच्या!”

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि आजारी माणसाशी बोलावं तशा आवाजात म्हणाल्या, “साहेब, गेंड्याच्या आत गेंडाच असतो.”

“ठीक आहे. मग गेंड्याने माफी मागावी.”

“ते बोलत नाहीत.”

“का?”

“गेंडा आहेत ना.”

अधीक्षकांनी कागद मागून घेऊन रीतसर तक्रार लिहिली आणि बाईंनी ती हसतमुखाने ठेवून घेतली. अधीक्षकांनी मग बाहेर फुगेवाल्याला विचारलं, तिकीट फाडणाऱ्याला विचारलं, आइस्क्रीमच्या गाडीवर विचारलं. गेंड्याच्या आत कोणी असतं ही कल्पनाच सगळ्यांना नवीन होती. झाडू मारणाऱ्या माणसाने तर काळजीने विचारलं, “का हो, मामांची तब्येत बरी आहे ना?” पार्कचा तो नियमच होता, दगडावर कोरल्यासारखा. गेंड्याने लोकांत बोलायचं नाही, डोकं काढायचं नाही, आणि आत माणूस आहे हे कोणीही, कोणालाही, कधीही कबूल करायचं नाही. अधीक्षकांच्या विभागात प्रश्नपत्रिकासुद्धा इतक्या गुप्त राहत नसत. ते संतापले. त्या संतापाच्या तळाशी आदराचा एक थेंब होता, पण तो त्यांच्या लक्षात आला नाही आणि कोणी लक्षात आणून दिलं असतं तर ते त्याच्यावरही संतापले असते.

“अहो, एक गेंडा तो. सोडून द्या,” घरी आल्यावर बायको म्हणाली.

“गेंडा असता तर सोडलं असतं,” अधीक्षक म्हणाले.

तरीही कदाचित त्यांनी सोडून दिलं असतं. वेळ सगळ्यावर खपली धरते. पण खपली धरायला जखमेला जरा एकटं सोडावं लागतं, आणि साडू सोडणाऱ्यातला नव्हता. त्याने मोबाइलवरची ती फीत सगळ्या नातेवाइकांना पाठवली. कोणाचं बारसं असो की कोणी आजारी असो, अधीक्षक दारात दिसले की साडू आतून ओरडायचा, “या, या, साडूभाऊ! रुमाल आणलाय ना?” एका वाढदिवसाला तर त्याने ती फीत टीव्हीला जोडून लावली, आणि शिंगाचं टोक पुसण्याचा भाग थांबवून पुन्हा दाखवला. मेहुणी हसता हसता म्हणाली, “भावोजी, तुमचा चेहरा काय गोंडस दिसतोय हो!” त्या दिवशी अधीक्षक केक न खाता उठले आणि तडक खालच्या मजल्यावरच्या वकिलांकडे गेले.

वकील बनियनवर, गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालत होते. त्यांनी फीत लक्ष देऊन पाहिली. एकदा नाही, तीनदा पाहिली, आणि तिसऱ्यांदा बायकोलाही बोलावलं.

“हं,” ते म्हणाले. “गेंड्यावर दावा लागत नाही. व्यक्ती पाहिजे. नाव, वय, राहणार. तुम्ही आधी ओळख पटवा. पुढचं मी बघतो.”

“पण तोंडच दिसत नाही ना!”

“मला एक दात आणून द्या,” वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर जिन्यातून जाता जाता म्हणाले, “वय मी सांगतो.” ते पुढे कित्येक दिवस हा विनोद करत राहिले आणि प्रत्येक वेळी नव्याने खूश होत राहिले.

ओळख पटवायची म्हणजे पुन्हा पार्कात जाणं आलं. एकदा जाऊन भागणार नाही हे उघड होतं. दर वेळी तिकीट काढण्यापेक्षा वर्षाचा पास स्वस्त पडतो हे ज्याच्या डोक्यातून निघालं तो इसम त्या पार्कात आज नक्कीच मोठ्या हुद्द्यावर असणार. अधीक्षकांनी पास काढला. पासावर फोटो लावावा लागतो. त्यावरूनही त्यांनी खिडकीत वाद घातला. येणाऱ्याने तोंड दाखवायचं, आणि आतल्याने नाही? हा कुठला न्याय? पिवळ्या जाकिटातल्या बाईंनी त्यांना गेंडूमामाचं चित्र असलेलं पासाचं पाकीट फुकट दिलं. त्यांनी ते घेतलं, पण उलटं करून वापरलं.

मग रविवार सुरू झाले. कारंज्यासमोर एक बाक होतं. तिथून मिरवणूक येताना आणि जाताना दोन्ही बाजूंनी दिसायची. अधीक्षक तिथे थर्मास आणि दुर्बीण घेऊन बसू लागले. तोंड दिसत नसेल तर चाल दिसते. उभ्या नोकरीत ते यातच मुरले होते. पाठमोरा उमेदवार वऱ्हांड्यातून कसा चालतो यावरून ते तोतया ओळखायचे. थोड्याच आठवड्यांत त्यांच्या ध्यानात आलं की गेंडा एक नसून तीन आहेत. पहिला टाचा आपटत चालायचा. दुसरा मिरवणुकीच्या शेवटी शेवटी कमरेवर हात ठेवायचा, म्हणजे पाठीचं दुखणं. आणि तिसरा खोडी काढण्याआधी मान डावीकडे कलती करायचा. तोच तो! अधीक्षकांनी त्याला नाव दिलं नाही. मनातल्या मनात ते त्याला नुसतं ‘तो’ म्हणायचे, आणि त्या ‘तो’मध्ये त्यांचा सगळा डूख होता.

“दर रविवारी नवरा कुठे जातो असं शेजारी विचारतात,” बायको म्हणाली. “एखादी बाई असती तर निदान लपवता तरी आलं असतं. गेंडा बघायला जातात हे कसं सांगू मी?”

“बघायला नाही. पाळत ठेवायला.”

“मग येताना त्या पाळतीतून जरा भाजी आणत जा.”

बाकावर आणखीही माणसं यायची. त्यांच्यात एक निवृत्त परिचारिका होत्या. त्यांच्या टोपीवर पार्कचे इतके बिल्ले टोचलेले होते की वारा आला की टोपी वाजायची. सगळे त्यांना मावशी म्हणायचे. मावशींनी पहिले काही रविवार अधीक्षकांना बिस्किट दिलं आणि काही विचारलं नाही. मग एकदा गेंडा कारंज्याला वळसा घालताना त्या डोळे बारीक करून म्हणाल्या, “आज कोण आहे हो?”

“पाठदुखीवाला,” अधीक्षकांच्या तोंडून निघून गेलं.

“वाटलंच मला.” मावशींनी मागे वळून बाकीच्यांना सांगितलं, “पाठदुखीवाले मामा आहेत गं आज.” बाकीच्यांनी माना डोलावल्या, आणि त्या दिवसापासून ‘आज कोण आहे’ हे अधीक्षकांना विचारल्याशिवाय बाकाची सभा सुरू होईनाशी झाली.

हे अधीक्षकांना सहन होण्यासारखं नव्हतं. गैरसमज वेळीच दूर करावा म्हणून ते उभे राहून म्हणाले, “हे बघा, मी तुमच्यातला नाही. मी इथे तक्रारीसाठी येतो.”

“आम्ही सगळेच,” मावशी शांतपणे म्हणाल्या. “मी लाकडी घोड्यांचा रंग बदलला म्हणून भांडायला आले होते. पहिले घोडे तपकिरी होते. आता आहेत का तपकिरी? नाहीत ना? मग मी येणं कसं थांबवणार?” त्यांनी शेजारच्या जाड गृहस्थांकडे बोट दाखवलं. “यांचा आगगाडीच्या शिट्टीवरून वाद आहे. त्या पलीकडच्या जोडप्याला कारंज्यातले मासे काढून टाकलेले पसंत नाहीत. घ्या, बिस्किट घ्या.”

अधीक्षकांनी बिस्किट घेतलं, पण निषेध म्हणून ते चहात बुडवलं नाही.

पुढच्या एका रविवारी मात्र कहर झाला. एक चौथाच गेंडा आला. हा मुलांकडे पाठ करून उभा राहिला, नंतर चक्क कठड्यावर बसला आणि एका पायाने दुसरा पाय खाजवू लागला. अधीक्षकांचा चहा थर्मासच्या झाकणातच राहिला. ते उठले, आनंद कक्षात गेले आणि त्यांनी एका दमात तक्रार लिहून काढली. गेंडूमामा मिरवणुकीत कधी बसत नाहीत. गेंडूमामा मुलांकडे पाठ करत नाहीत. गेंडूमामांना खाज सुटत नाही. लिहून झाल्यावर त्यांनी वाचून पाहिलं. आपण त्या जनावराला आदरार्थी लिहिलं आहे हे त्यांना दिसलं, पण खाडाखोड बरी दिसत नाही म्हणून त्यांनी तसंच ठेवलं.

पिवळ्या जाकिटातल्या बाईंनी तक्रार वाचली आणि मान वर केली. “साहेब, अगदी बरोबर आहे तुमचं.”

पुढच्या रविवारी चौथा गेंडा नव्हता.

या घटनेचा अधीक्षकांवर काय परिणाम झाला हे ज्याने सरकारी नोकरी केलेली नाही त्याला समजणार नाही. उभ्या नोकरीत त्यांनी फायलींवर जेवढे शेरे मारले होते त्यांतल्या एकाचीही कोणी दखल घेतली नव्हती. तिसऱ्या मजल्यावरचा मोडका पंखा बदलावा असा त्यांचा शेरा त्या पंख्याच्या आधी झिजून गेला होता. आणि इथे? इथे त्यांनी लिहावं आणि आठवड्यात गेंडा बदलावा! त्यांनी मग शेपटी वाकडी शिवली आहे हे लिहिलं. शेपटी सरळ झाली. जाकिटाचं दुसरं बटण लोंबतंय हे लिहिलं. बटण घट्ट झालं. माफीबद्दलही ते दर वेळी शेवटी एक ओळ लिहायचे. तेवढं सोडून पार्क त्यांचं सगळं ऐकायचं.

आणि नेमक्या त्याच सुमारास, ज्याची त्यांना स्वप्नातही कल्पना नव्हती असा घाव त्यांच्यावर पडला. मिरवणुकीला येणारे लोक डोक्यावर गाठी मारलेले रुमाल घालून येऊ लागले. साडूची फीत कुठून कुठे फिरली होती कोणास ठाऊक. बायाबापड्या, तान्ही मुलं, सुटातले गृहस्थ, सगळे ओले रुमाल घालून रांगेत उभे, आणि गेंडा येऊन त्यांतल्या एकाच्या रुमालाने शिंग पुसणार. ज्याचा रुमाल निवडला जाई तो नाचायचा. पार्कने त्याचा कार्यक्रमच केला. मिरवणुकीच्या वेळापत्रकावर ‘रुमाल’ असं छापून आलं, आणि प्रवेशद्वाराशी गाठी मारलेले तयार रुमाल विकायला ठेवले.

“माझ्या अपमानाचा धंदा केला यांनी!” अधीक्षक बाकावरून ओरडले. “माझ्या! हे डोकं होतं ते!”

“तुमचं?” बाकावरचे सगळे त्यांच्याकडे वळले. जाड गृहस्थांनी आपली टोपी काढली. मासेवालं जोडपं उभंच राहिलं. मावशींनी टोपीवरचा एक बिल्ला सोडवला आणि कोणाला काही कळायच्या आत अधीक्षकांच्या खिशाला टोचला. “एवढे दिवस बसलात, आणि बोलला नाहीत?”

अधीक्षकांना बिल्ला काढून फेकून द्यायचा होता. पण तेवढ्यात कारंज्यापाशी रुमालाचा कार्यक्रम सुरू झाला होता आणि त्यांचं लक्ष तिकडे गेलं. टाचा आपटणारा गेंडा होता. त्याने कोणा बाईंच्या रुमालाने घाईघाईत शिंग पुसलं आणि एकदाच थोपटलं.

“दोनदा!” अधीक्षक संतापून म्हणाले. “दोनदा थोपटायचं असतं. आणि टोक कुठे पुसलं? टोक राहिलं!”

ते लगेच तक्रार लिहायला गेले.

असं सगळं काही वर्षं चाललेलं असताना पार्कात नवे व्यवस्थापक आले. तरुण, टाय लावलेले, बाहेर कुठे कुठे शिकून आलेले. ‘पारदर्शकता’ हा शब्द ते बोलताना दर दोन वाक्यांनी पेरायचे. त्यांनी जुनी कपाटं उघडली आणि त्यांना अधीक्षकांच्या तक्रारींचा गठ्ठा सापडला. त्यांनी अधीक्षकांना बोलावून घेतलं, खुर्ची दिली.

“सर, आमच्याकडून अक्षम्य दिरंगाई झाली आहे,” ते म्हणाले. “हा ‘आत कोणी नाही’ प्रकार आपण बंद करतोय. येत्या रविवारी, मिरवणुकीत, कारंज्यापाशी, संबंधित कर्मचारी डोकं काढून, चेहरा दाखवून, तुमची जाहीर माफी मागेल. माइक ठेवतो आपण. पारदर्शकता.”

अधीक्षकांना आनंद झाला. झालाच! इतकी वर्षं ज्यासाठी झगडलो ते पदरात पडतंय म्हटल्यावर कोणाला आनंद होणार नाही?

“मग तोंड असं का केलंय?” बायकोने विचारलं.

“आनंद झालाय म्हणून,” अधीक्षक खेकसले.

त्यांनी साडूला सहकुटुंब बोलावलं. ज्याच्यासमोर अपमान झाला त्याच्यासमोर माफी व्हायला हवी, हे उघड होतं. त्यांनी क्षमेचं छोटंसं भाषणही तयार केलं. त्यात ‘मी मोठ्या मनाने’ हे शब्द होते. ते आरशासमोर म्हणून पाहताना दर वेळी घशात अडकत होते, पण ते त्यांनी हवामानावर ढकललं. रविवारी बाकापाशी गेले तर मावशींना सगळं कळलेलं होतं.

“घ्या माफी,” मावशी म्हणाल्या. “तुमचा हक्क आहे तो.” आणि त्या दिवशी त्यांनी बिस्किट पुढे केलं नाही.

बँड वाजला. कारंज्याभोवती माणसांची ही गर्दी, पुढे कच्चीबच्ची मांडी घालून बसलेली, सगळ्यांच्या डोक्यावर ओले रुमाल. साडू मोबाइल सरसावून उभा. गेंडा आला. तो आज नाचत नव्हता. अधीक्षकांच्या समोर येऊन थांबला, आणि त्याने मान डावीकडे कलती केली.

तो! नाव, वय, राहणार, सगळं आता हाताच्या अंतरावर होतं.

“मंडळी,” व्यवस्थापक माइकवर म्हणाले, “आज आपण एक धाडसी पाऊल टाकतोय. या गेंड्याच्या आत जो...”

गेंड्याने दोन्ही हात उचलून मानेपाशी नेले. आतलं बक्कल ‘खट्’ वाजलं. डोकं किंचित वर झालं, आणि राखाडी मखमलीच्या खाली माणसाची घामेजलेली, दाढीचे खुंट वाढलेली हनुवटी दिसली. पुढच्या रांगेतल्या एका चिमुरडीने तोंडात घातलेलं बोट बाहेर काढलं.

पुढे काय झालं याबद्दल अधीक्षक आजही एवढंच सांगतात की त्यांचा पाय घसरला. पण घसरलेला माणूस असा झेपावत नाही. “डोकं घाला!” असं ओरडत ते त्या गेंड्यावर तुटून पडले, दोन्ही हातांनी त्यांनी ते डोकं खाली दाबलं, आणि दोघंही तसेच मिठीत कारंज्याच्या कठड्यावरून आत, पाण्यात गेले.

“साहेब,” शिंगाखालून आवाज आला. इतक्या काळात त्यांनी ऐकलेला त्याचा तो पहिला आवाज. बारीक होता, आणि घाबरलेला. “साहेब, माफी मागायचीय ना?”

“बोलू नका!” अधीक्षक दातओठ खाऊन कुजबुजले. “गेंडूमामा बोलत नाहीत!”

“पाणी शिरतंय हो आत.”

“शिरू दे. हात हलवा. मुलांकडे बघून हात हलवा आधी!”

गेंड्याने पाण्यातून हात वर केला आणि हलवला. पोरांनी आरोळी ठोकली. त्यांना वाटलं, हा नवा कार्यक्रम. बँडवाल्यांनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी वाजवायला सुरुवात केली. जाड गृहस्थ आणि मावशींनी दोघांना ओढून बाहेर काढलं. मावशींनी आपल्या अंगावरची शाल आधी गेंड्याच्या मानेभोवती घट्ट गुंडाळली, बक्कल तुटलं होतं तिथे. बोट काढलेल्या चिमुरडीने ते पुन्हा तोंडात घातलं.

“सर, पण तुमची माफी?” व्यवस्थापक धावत आले.

“लाज नाही वाटत?” अधीक्षक थरथरत होते, थोडे थंडीने आणि बरेचसे रागाने. “समोर मुलं बसलीत! मुलं! कोणाच्या परवानगीने करता हे? कोण तुम्ही?”

“सर, तुम्हीच तर लिहून...”

“मी काहीही लिहीन! तुम्हाला अक्कल नको?”

ते ओल्या कपड्यांनीच आनंद कक्षात गेले आणि त्यांनी व्यवस्थापकांविरुद्ध तक्रार नोंदवली. विषय: ‘मुलांच्या देखत गेंडूमामांना उघडं पाडण्याचा प्रयत्न.’ पिवळ्या जाकिटातल्या बाईंनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि त्या उभ्या राहिल्या.

परत येताना अधीक्षक साडूच्या गाडीत मागच्या सीटवर, खाली वर्तमानपत्र अंथरून बसले होते. थोडं पुढे गेल्यावर साडूला राहवेना.

“पण मला दिसला हां, साडूभाऊ, थोडासा,” तो आरशातून बघत म्हणाला. “आतला माणूस. चाळिशीचा असेल. काय ध्यान आहे! आणि एवढी वर्षं तुम्ही त्या...”

“काय म्हणालात?”

“आतला माणूस म्हटलं...”

“गाडी थांबवा.”

“अहो, असं काय करता?”

“गाडी थांबवा म्हणतो ना!”

अधीक्षक उतरले. त्यांच्या पाठोपाठ बायकोही उतरली. बसची वाट बघत दोघं रस्त्याच्या कडेला उभी राहिली. अधीक्षकांच्या बुटांतून पाणी येत होतं. बायकोने त्यांच्या खिशावरचा वाकडा झालेला बिल्ला सरळ करून ठेवला.

तेव्हापासून साडूकडे जाणं-येणं बंद आहे. मेहुणीने खूप मनधरणी केली. वकिलांनी समेटाचा मसुदा करून दिला. दातांच्या डॉक्टरांनीसुद्धा एकदा विनोद न करता मध्यस्थी करून पाहिली. अधीक्षकांचं म्हणणं एकच: साडूने पार्कात यावं, कारंज्यापाशी उभं राहावं आणि सगळ्यांसमोर माफी मागावी. त्याशिवाय संबंध नाही. शेवटी परवा मेहुणी स्वतः घरी आली, डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, “भावोजी, संपवा हो आता हे. मी त्यांना समजावलंय, तयार झालेत ते. येत्या रविवारी येऊन तुमची माफी मागतील.”

“माझी?” अधीक्षक कडाडले. “माझी कशाला? मामांची!”